नाताळच्या टेबलासाठी मातीची सजावट: मळण्यापासून भट्टीपर्यंत

मुंबईतल्या फ्लॅटमध्ये नाताळचं जेवण बहुतेक वेळा चार खुर्च्यांच्या टेबलावर होतं आणि जेवणारी माणसं असतात दहा. सॉर्पोटेलचं (डुकराच्या मटणाच्या कालवणाचं) पातेलं, फुग्यांची (तळलेल्या गोल पावांची) परात, पुलाव, केक, कुलकुलांचा डबा एवढं मांडून झालं की सजावटीसाठी उरते मधली वीतभर रुंदीची पट्टी. म्हणून माती आणायच्या आधी टेप घ्या आणि टेबल मोजा. मधली १८ ते २० सेंटीमीटर रुंदी सजावटीची, बाकी सगळी जेवणाची. उंचीही ठरवून टाका. १५ सेंटीमीटर पुरे. त्याहून फार उंच काही झालं की समोरच्या माणसाचा चेहरा झाकला जातो आणि वाडगे त्यावरून उचलून द्यावे लागतात.

या जागेत बसतील अशा चार गोष्टी खाली सांगतो आहे: पानांचे नावपट्टे, रुमालाला बांधायचे तारे, आगमनकाळाच्या (नाताळआधीच्या चार रविवारांच्या) चार मेणबत्त्यांचं चक्र आणि गावठाणातली छोटी घरं. सगळं हाताने होतं, चाक लागत नाही. पहिल्यांदा माती हातात घेणाऱ्यालाही जमण्यासारखं आहे. हात जरा कच्चा असला तरी वस्तू गोडच दिसते. वस्तू बिघडते ती सुकवण्यात, आणि सुकवणं बिघडतं घाईने.

आधी तारखा

२४ डिसेंबरपासून उलटं मोजा. रंग देऊन वाळायला तीन दिवस. भट्टीसाठी आठवडा धरा, कारण भाजणं आणि गार होणं दोन दिवसांत आटोपलं तरी भट्टी भरेपर्यंत तुमच्या वस्तू थांबून राहतात. सुकायला आठ ते दहा दिवस. म्हणजे घडवण्याचं काम डिसेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी संपायला हवं, त्याही आधी झालं तर उत्तम.

आगमनकाळाच्या चक्राचा हिशोब वेगळा आहे. आगमनकाळ नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी सुरू होतो, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान. तेव्हा चक्र नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच घडवून ठेवावं लागतं. नेमका हाच काळ दिवाळीच्या आगेमागे येतो. कुंभारवाड्यातल्या भट्ट्या तेव्हा पणत्यांनी गच्च असतात आणि तुमच्या चार तुकड्यांकडे बघायला कुणाला सवड नसते. दिवाळी उशिरा असेल तर चक्र स्टुडिओच्या इलेक्ट्रिक भट्टीत भाजून घ्या आणि बाकीचं काम दिवाळी उरकल्यावर कुंभारवाड्यात न्या.

हवेचंही बघायला हवं. ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या हवेत भरपूर दमटपणा असतो, माती आठवडाभर ओलीच राहते. डिसेंबरात उत्तरेकडून कोरडा वारा सुटला की उलट होतं: तीच माती कडेने झपाट्याने सुकते, मधे ओली राहते आणि तडकते. सुकण्याचे दिवस महिन्यावर ठरतात, ते डोळे मिटून घड्याळावर मोजता येत नाहीत.

माती कुठली घ्यायची

धारावीच्या ९० फूट रस्त्यावरचा कुंभारवाडा हा सगळ्यात सोपा पत्ता. सायन किंवा माहीम स्टेशनवरून जाता येतं. इथली बरीच कुटुंबं मूळची सौराष्ट्रातली, पिढ्यानपिढ्या याच कामात. मळलेली तयार माती मागा. कशासाठी हवी ते सांगितलंत तर कुंभार स्वतःच सांगेल की मडक्याची द्यायची की पणतीची. वर लिहिलेल्या चारही गोष्टींना मिळून आठ किलो माती पुष्कळ झाली. येताना रिक्षा करा, ओली माती वाटते त्याहून जड असते.

दुसरा पर्याय म्हणजे स्टुडिओत किंवा कलासाहित्याच्या दुकानात मिळणारी पिशवीबंद टेराकोटा माती. महाग पडते, पण खडे नसतात आणि ती किती आकसते हे विक्रेत्याला विचारता येतं.

गणपतीनंतर उरलेला शाडू घरात असेल तर त्याचा मोह होतो. शाडूच्या मूर्ती न भाजताच वापरायच्या असतात. न भाजलेल्या शाडूचे तारे करून दारात टांगायला हरकत नाही, पण पातळ टोकं लगेच तुटतात आणि पाण्याचा ग्लास सांडला की काम संपलं. भट्टीच्या मातीत शाडू मिसळू तर अजिबात नका. दोन वेगळ्या माती वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात आणि सांध्यावर फाटतात.

भट्टीशिवाय वाळणारी पाकीटबंद माती लहान मुलांसोबत काम करायला बरी. ती कधीच पाण्याला टिकत नाही, तेव्हा खाण्याच्या वस्तूंपासून आणि मेणबत्तीच्या ज्योतीपासून लांब ठेवा.

आणि घरच्या ओव्हनचा विचार मनातून काढून टाका. ओटीजी साधारण २५० अंशांपर्यंत जातो. मातीच्या कणांच्या आत बांधलेलं पाणी सुटायला त्याच्या दुप्पट तापमान लागतं आणि ते सुटल्याशिवाय मातीचं भांडं होत नाही. ओव्हनमधून काढलेला तारा दिसायला कडक असतो, पण पाण्यात टाकला की तासाभरात त्याचा चिखल होतो.

हत्यारं स्वयंपाकघरातच आहेत

लाटणं, जुनी सुती चादर, ५ मिलीमीटर जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या, बोथट सुरी, शिवणाची सुई, जुना टूथब्रश, स्ट्रॉ, स्पंज. पोळपाटावर थेट माती लाटू नका, ती चिकटते. चादरीचा तुकडा पसरा आणि त्यावर लाटा. दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या ठेवून लाटणं त्यांच्यावरून फिरवलं की लादी सगळीकडे सारख्या जाडीची होते, आणि सारखी जाडी म्हणजे सारखं सुकणं.

याशिवाय दोन खास आपली हत्यारं. करंजीची कातण मातीच्या लादीवर फिरवली की नागमोडी कड मिळते, जी सुरीने तासभर खपूनही जमणार नाही. आणि सोऱ्या. शेवेची चकती लावून त्यातून जरा सैल माती दाबली की येशूजन्माच्या गोठ्यातल्या गव्हाणीचं गवत तयार होतं. जुना, अडगळीत पडलेला सोऱ्या घ्या. मातीला लावलेलं हत्यार पुन्हा फराळाला वापरायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा.

मळणं आणि आकसण्याचा हिशोब

माती मळणं हे कणीक मळण्यासारखं दिसतं, पण हेतू उलटा. कणीक दुमडून दुमडून मळली तर चालते, मातीत दुमड राहिली तर आत हवा अडकते. तळव्याने पुढे आणि खाली दाबा, गोळा थोडा फिरवा, पुन्हा दाबा. पंधरा-वीस वेळा केल्यावर तारेने गोळा मधोमध कापून पाहा. आत भोकं दिसली तर पुन्हा मळा. खडा लागला तर काढून टाका, विशेषतः पांढरा. तो चुनखडीचा असेल तर भाजल्यानंतर हवेतला ओलावा पिऊन फुगतो आणि काही दिवसांनी वस्तूचा टवका उडवतो.

भाजून झाल्यावर माती साधारण ८ ते १२ टक्के आकसते. तुमची नेमकी किती ते काढायला एक पट्टी लाटा, तिच्यावर बरोबर १०० मिलीमीटरची रेघ ओढा, सुकवा, भाजून घ्या आणि रेघ पुन्हा मोजा. ९० भरली तर १० टक्के. मग हवं ते माप ०.९ ने भागायचं. टी-लाइटचा (चपट्या छोट्या मेणबत्तीचा) व्यास साधारण ३८ मिलीमीटर असतो, तो सैलसर बसायला ४४ हवेत, म्हणून ओल्या मातीत ४९ मिलीमीटरचं भोक कापायचं. हे न करता मेणबत्तीच्या मापाने भोक पाडलं तर भाजल्यावर ती आत शिरतच नाही.

पानांचे नावपट्टे

परदेशी कार्डांवरची काटेरी होली मुंबईत उगवत नाही. आपल्याकडे पेरूचं पान आहे, आणि शिरांसाठी त्याच्यासारखं पान नाही. पिंपळ, नेचाही चालतात. जाड, मेणचट पानं टाळा, त्यांचा ठसा पुसट येतो.

५ मिलीमीटरची लादी लाटा. पान उलटं, म्हणजे शिरांची बाजू खाली करून ठेवा आणि लाटणं एकदाच, न थांबता फिरवा. दुसऱ्यांदा फिरवलंत तर दुहेरी ठसा उमटतो. सुरीने पानाच्या कडेकडेने कापा, कड ओल्या बोटाने गोल करा. पान लगेच निघालं नाही तर ओढू नका. जे राहील ते भट्टीत जळून जाईल.

पाहुण्याचं नाव मातीवरच कोरावं असं वाटेल. माझं मत विचाराल तर नको. दरवर्षी पाहुणे तेच नसतात, आणि नाव कोरलेली वस्तू फक्त एकाच माणसाची होऊन बसते. त्याऐवजी मातीची छोटी ढेप करून तिच्यात २ मिलीमीटर रुंद खाच पाडा, पान तिच्या पुढच्या बाजूला जोडा आणि खाचेत कार्ड उभं करा. खाच जाड कागदाचा तुकडा हलवून हलवून जरा रुंद करा, कारण ती आकसणार आहे.

तारे

हे सगळ्यात सोपं, मुलांना द्या. बिस्किटाच्या साच्याने कापा, टोकं बोटाने किंचित बोथट करा. टोकदार तारा टेबलावर येईपर्यंत पंचकोन झालेला असतो. भोक स्ट्रॉने ओलं असतानाच, कडेपासून ८ मिलीमीटर आत. घरात आजीच्या हातचा क्रोशाचा रुमाल असेल तर त्याचा एक कोपरा लादीवर ठेवून लाटणं फिरवा, जाळीचा ठसा ताऱ्यावर फार सुरेख उमटतो. रुमाल लगेच धुऊन टाका.

आगमनकाळाचं चक्र

पूर्ण गोल कडं एका तुकड्यात करू नका. मोठं कडं सुकताना ओढलं जातं, कुठेतरी फाटतंच, आणि चार खुर्च्यांच्या टेबलावर ते मावत नाही ते वेगळंच. चार वेगळ्या कमानी करा. रविवारी त्या जोडून गोल मांडता येतात आणि नाताळच्या रात्री मधल्या पट्टीवर नागमोडी ओळीत. भट्टीतही कमी जागा खातात.

पुठ्ठ्यावर ३० सेंटीमीटर व्यासाचं वर्तुळ, त्याच्या आत १८ सेंटीमीटरचं, आणि त्या पट्टीचा एक चतुर्थांश कापा. हा झाला साचा. ८ मिलीमीटरच्या लादीतून चार तुकडे काढा. मेणबत्तीसाठी कमानीच्या मध्यावर मातीची आखूड नळी बसवायची, भिंत ५ मिलीमीटर, उंची २५. मेणबत्तीचा व्यास मोजा आणि वर सांगितल्याप्रमाणे भागा.

आता जोड कसा द्यायचा ते नीट पाहा, घरांनाही हेच लागणार आहे. दोन्ही तुकडे अर्धसुके हवेत, स्टुडिओत ज्याला लेदर हार्ड म्हणतात तसे: नखाने ओरखडा उठतो, पण उचलल्यावर वाकत नाहीत. जोडायच्या दोन्ही जागांवर सुईने आडव्या-उभ्या रेघा खरवडा. त्याच मातीचा दाट घोळ करून दोन्हीकडे लावा. दाबा, किंचित हलवा, घोळ बाहेर आला पाहिजे. मग आतल्या कोपऱ्यात मातीची बारीक वळी ठेवून बोटाने सारखी करा. नुसतं पाणी लावून चिकटवलेलं भट्टीत सुटून येतं. एक तुकडा ओला आणि दुसरा कोरडा असेल तर घोळानेही भागत नाही.

चक्रावर तीन जांभळ्या मेणबत्त्या आणि एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारी पेटते. नाताळला मधे पांढरी ठेवायची असेल तर तिच्यासाठी वेगळी छोटी वाटी करा.

गावठाणातली घरं

बर्फाच्छादित छपरांची घरं सगळीकडे मिळतात. मुंबईच्या टेबलावर वांद्र्याच्या रानवारमधलं, माझगावच्या माटरपाखाडीतलं किंवा गिरगावच्या खोताच्या वाडीतलं घर हवं: उतरतं कौलारू छप्पर, पुढे व्हरांडा, बाहेरून वर जाणारा जिना. यात एक मजा अशी की मंगलोरी कौलं मुळात भाजलेल्या मातीचीच. छपराला रंग द्यायची गरजच नाही.

जाड कागदाचे साचे आधी कापा आणि चिकटपट्टीने उभे करून पाहा. पुढची-मागची भिंत १० सेंटीमीटर रुंद, कडेला ७ उंच, मधल्या टोकाला १२. बाजूच्या भिंती १० रुंद, ७ उंच. छपराचे दोन तुकडे प्रत्येकी १२ लांब, ८ रुंद. भाजल्यावर घर सुमारे ११ सेंटीमीटर उंच होतं. तळ करायचा नाही, घर दिव्यावर झाकायचं आहे.

लाद्या कापून तासभर अर्धसुक्या होऊ द्या. खिडक्या-दारं सपाट असतानाच कापा, उभ्या भिंतीत कापायला गेलात तर भिंत आत दबते. खिडकीचे कोपरे किंचित गोल ठेवा, तड नेहमी टोकदार कोपऱ्यातून सुरू होते. भिंती जोडा, आतून वळी द्या आणि तासभर तसंच राहू द्या. छपरावर कौलं काढायला जाड दातांचा कंगवा उतारावरून खाली ओढा, मग त्यावर आडव्या रेघा. छपराचे दोन तुकडे वरच्या टोकाला पूर्ण मिटवू नका. आढ्याजवळ बोटभर फट किंवा दोन-तीन भोकं ठेवा, नाहीतर आतली मेणबत्ती हवेअभावी विझते आणि छप्पर हात भाजण्याइतकं तापतं. जिना शेवटी: मातीची छोटी ढेप, सुरीने पायऱ्या कापा, मागून पोकळ करा. दारावर क्रूस हवा असेल तर वेगळा जोडण्यापेक्षा आरपार कापा, प्रकाश त्यातून येतो.

तीन घरं पुरेत, एक उंच आणि दोन बुटकी. मुलं टेबलाभोवती धावणार असतील तर मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा ठेवा.

गोठा करायचा असेल तर मूर्ती अंगठ्यापेक्षा मोठ्या घेऊ नका. पोटात पेन्सिलने खालून भोक पाडा, म्हणजे आतपर्यंत सुकतील. सोऱ्यातलं गवत गव्हाणीत, तेवढं पुरतं.

सुकवणं

पहिले दोन दिवस सगळं सैल प्लास्टिकखाली. मग प्लास्टिक थोडं थोडं उघडा. पंखा बंद, खिडकीतलं थेट ऊन नको. सपाट वस्तू दोन वर्तमानपत्रांमध्ये ठेवून वर हलकं पुस्तक ठेवा आणि रोज उलटा, नाहीतर कडा वर वळतात. घराच्या जोडांवर ओल्या कापडाची चिंधी ठेवली तर बाकी भिंतीबरोबर तेही सावकाश सुकतात.

सुकलं का हे रंगावरून कळत नाही. वस्तू गालाला लावा. गार लागली तर आत पाणी आहे. खोलीइतकीच लागली तर भट्टीला तयार.

सुकलेल्या वस्तू कोरड्या घासू नका. ती धूळ फुफ्फुसांना वाईट. ओल्या स्पंजने पुसा, आणि जमीनही झाडूने नव्हे, ओल्या फडक्याने. मातीचं पाणी बेसिनमध्ये किंवा मोरीत ओतायचं नाही, पाइप तुंबतो आणि खालच्या मजल्यावरून बेल वाजते. बादलीत रात्रभर ठेवा, वरचं पाणी झाडांना, खालची माती पुढच्या वेळेला.

भट्टी

कुंभारवाड्यातली पारंपरिक भट्टी टाकाऊ कापूस आणि लाकडाच्या भुश्यावर पेटते. रंग एकसारखा येत नाही, कुठे नारिंगी, कुठे काळसर झाक. मला घरांवर ती झाक आवडते, ताऱ्यांवर नाही. लहान वस्तू एका मडक्यात भरून वर झाकण ठेवून द्यायला सांगा, म्हणजे मोठ्या मालात हरवत नाहीत.

स्टुडिओची इलेक्ट्रिक भट्टी साधारण ९५० ते १००० अंशांपर्यंत नेतात. कुठेही द्या, पहिले काही तास सावकाश तापवायला सांगा. १०० अंशांवर उरलेल्या पाण्याची वाफ होते आणि ती घाईने सुटली तर वस्तू फुटते. ५७३ अंशांवर मातीतलं क्वार्ट्‌झ अचानक फुगतं, गार होताना तिथेच आकसतं. म्हणून भट्टी अर्धवट गरम असताना उघडलेल्या वस्तूंना बारीक तडे जातात. तुमची वस्तू उद्याच हवी असा आग्रह धरू नका.

रंग आणि टेबल

भाजलेल्या मातीचा तांबडा रंग पांढऱ्या टेबलक्लॉथवर एवढा छान दिसतो की त्यावर सोनेरी स्प्रे मारणं मला पटत नाही. खिडक्यांच्या चौकटींना पांढऱ्या ॲक्रिलिकची रेघ, ताऱ्यांना गेरू, बस. नुसता गेरू रुमालाला लागतो, त्यात थोडा पांढरा डिंक मिसळा.

ॲक्रिलिक लावलेल्या किंवा ग्लेझ (भट्टीत पक्का होणारा काचेसारखा लेप) नसलेल्या वस्तूवर केक ठेवायचा नाही. माती तेल आणि तूप पिते आणि नंतर त्याला वास येतो. ठेवायचाच असेल तर मधे केळीचं पान. जेवणाची भांडी करायची असतील तर शिसं नसलेलं, खाण्यासाठी चालणारं ग्लेझ स्टुडिओत मागा. ते काम या सजावटीहून वेगळं आहे.

प्रत्येक वस्तूच्या तळाला फेल्टचे गोल चिकटवा, भाजलेली माती पॉलिशवर ओरखडे काढते. चक्राखाली केळीचं पान किंवा काचेची बशी ठेवा, मेण गळणारच आहे.

जेवणं आटोपल्यावर मेण सांडलेली कमान तासभर फ्रीजरमध्ये ठेवा, मेण चमच्याने टकाटक निघतं. मातीत मुरलेला डाग मात्र राहतो. वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात भरा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवल्यात तर जून-जुलैच्या दमट हवेत त्यांच्यावर पांढरी बुरशी धरेल. धरलीच तर कोरड्या टूथब्रशने झटकून दिवसभर उन्हात ठेवा.